डझनाला एक कमी

माझे बाबा माळी होते, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही. जबलपूरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तेव्हा आमच्या ओळखीच्या घरटी एक माणूस कामाला होता. कोणाचे वडील टर्नर, कोणाचे फिटर, कोणाचे गोळे भरायच्या खात्यात. माझे बाबा कारखान्याच्या गेस्ट हाउसची बाग सांभाळायचे. शाळेत मुली विचारायच्या, "तुझे बाबा काय बनवतात?" मी म्हणायचे, "गुलाब." त्या फिदीफिदी हसायच्या. हसोत बापड्या. त्यांच्या वडिलांनी बनवलेलं त्यांना जन्मात बघायला मिळालं नाही. माझ्या बाबांचं काम गेटाबाहेरच्या रस्त्यावरूनसुद्धा दिसायचं.

दिसायचं, तेवढंच. त्या बागेचं एक फूल आमच्या घरी कधी आलं नाही. सरकारी फूल घरी आणायचं नाही, हा बाबांचा नियम. गळून पडलेलं नाही, वाकडं उमललेलं नाही, साहेबांच्या फुलदाणीतून काढून टाकलेलंही नाही. शर्टाच्या खिशात एखादी पाकळी अडकलेली असली तर ती गेटवर झटकून मग सायकलवर बसायचे. गेटवरचा दरबान रोज सगळ्यांच्या पिशव्या बघायचा. बाबांना तो म्हणायचा, "आप तो जाइए भैया." पण हे थांबायचे, पिशवी उलटी करून डबा दाखवायचे आणि मगच निघायचे.

आम्ही दीक्षितपुऱ्यात दोन खोल्यांत राहायचो. पूजेची फुलं आई कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून विकत आणायची. समोरच्या काकूंना त्यात भारी मजा वाटायची. आई फुलांचा पुडा घेऊन गल्लीत शिरली की त्या खिडकीतून म्हणायच्याच, "काय वं, माळ्याची बायको अन् फुलं विकत?" आईचं उत्तर ठरलेलं. "विकतची आहेत, म्हणून तर देवाले चालतात." असं म्हणायची आणि ताठ मानेनं घरात यायची. घरात आल्यावर मात्र पुडा जरा जोरातच ठेवायची. गजऱ्याची तिला हौस होती, पण तिनं तो कधी मागितला नाही आणि बाबांनी कधी आणला नाही.

एकाहत्तर साली मी वीस वर्षांची होते आणि कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत मला नुकतीच पहिलीच्या वर्गावर नोकरी लागली होती. त्याच उन्हाळ्यात कारखान्यात बाहेरदेशाहून एक मोठं मशीन आलं आणि ते बसवायला तिकडची पाच माणसं आली. त्यांच्यात एक बाई होती. बाई इंजिनियर! तेलकट डांगरी घालून मशीनखाली शिरायची, पुरुषांना ओरडायची. सगळा कारखाना तिला रशियन मॅडम म्हणायचा, आणि दर वेळी ती बोट हलवून दुरुस्त करायची, "रशिया नहीं. उक्राइना." लोक हो हो म्हणायचे आणि पुन्हा रशियनच म्हणायचे. मी एकदाच चुकले. आपल्या जबलपूरवाल्यांना कोणी यूपीवाले म्हटलं तर आपला कसा तिळपापड होतो, ते मला ठाऊक होतं.

तिची सात वर्षांची मुलगी माझ्याच वर्गात आली. दोन महिने ती गप्प बसून आमचे पाढे ऐकत होती. मग एक सप्टेंबरला सकाळी ती वर्गात आली ती दोन्ही वेण्यांना हे एवढे मोठे पांढरे रिबिनीचे फुगे बांधून, कडक इस्त्रीचा फ्रॉक घालून, हातात पाच झिनिया घेऊन. सरळ टेबलापाशी आली आणि फुलं माझ्या हातात दिली. आख्खा वर्ग खिदळायला लागला. मला काही उमजेना. नंतर कळलं, त्यांच्याकडे शाळा त्या दिवशी सुरू होते आणि पहिल्या दिवशी पोरं बाईंना फुलं देतात. आमची शाळा जुलैतच सुरू झाली होती, पण तिच्या आईनं आपला दिवस चुकवला नाही.

खरं सांगते, मी ती दोन्ही हातांनी धरली. माळ्याची मुलगी मी. वीस वर्षांत मला कोणी फूल दिलं नव्हतं. त्या पाच झिनिया मी दिवसभर टेबलावर मिरवल्या. हेडबाई दोनदा येऊन बघून गेल्या. संध्याकाळी मी त्या रुमालात गुंडाळून घरी आणल्या आणि पितळी पेल्यात पाणी घालून खिडकीत ठेवल्या. नियम मला आठवला नाही असं नाही. मला वाटलं, मी थोड्याच तोडल्या आहेत, मला तर दिल्या आहेत.

बाबा घरी आले तेच भणभणत. "गेस्ट हाउसच्या वाफ्यातून पाच झिनिया नेल्या कोणीतरी. कात्रीनं नाही कापल्या, पिरगाळून नेल्या! अख्खं झाड हललं." बोलता बोलता त्यांची नजर खिडकीकडे गेली. मी घाईघाईनं सगळं सांगितलं, रिबिनी सांगितल्या, त्यांच्या देशाची रीत सांगितली.

"पोरीनं दिल्या ना?" बाबा म्हणाले. "पण फूल कोणाचं होतं?"

आई मध्ये पडली. "मास्तरणीले दिली तिनं मानानं. राहू द्या एक दिवस."

"एक दिवस म्हटलं की झालं," बाबा म्हणाले. "उद्या सकाळी जाऊन परत दे."

ते ओरडले असते तर मी भांडले असते. ओरडले नाहीत, म्हणून मी रडले. त्या रात्री आईनं बाबांना भाकरी वाढली ती ताटात टाकल्यासारखीच.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी मी गेस्ट हाउसवर गेले आणि त्या पाच झिनिया मॅडमपुढे धरल्या. तिचा चेहरा असा उतरला की मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तिनं फुलं घेतली, बोटानं मोजली. पाच. पुन्हा मोजली. मग त्यांतली एक पिवळी झिनिया तिला दिसली आणि तिनं कपाळावर हात मारला. मुलीला हाक मारून तिच्या भाषेत असं काही झापलं की पोर रडकुंडीला आली. "टीचर, सॉरी," ती मला म्हणाली, "पीला नहीं अच्छा. बच्चा नहीं जानता." त्यांच्यात पिवळं फूल दिलं की ताटातूट होते म्हणे. तिला वाटलं, त्या एका फुलापायी मी सगळी परत घेऊन आले.

मी हातवारे करून, थोडं हिंदी, थोडं इंग्रजी जोडून सांगितलं की रंगाचं काही नाही. फुलं सरकारी, माळी माझे वडील, आणि ते घरी नेऊ देत नाहीत. ती ऐकत राहिली. मग मुलीचा हात धरून तडक बागेत गेली. बाबा उकिडवे बसून गवत काढत होते. तिनं मुलीला त्यांच्यापुढे उभं केलं आणि माफी मागायला लावली.

बाबा धडपडत उठले. "अरे बाप्पा! लेकराले काहून रडवता जी?" मराठीतच बोलले, घाबरले की त्यांचं हिंदी पळायचं. मग त्यांनी एक रिकामी कुंडी घेतली, माती भरली, चार बिया मुलीच्या तळहातावर ठेवल्या आणि बोटानं मातीत भोकं पाडून दाखवली. "तोडायचं असन तर आधी लावायचं," ते म्हणाले. पोरीला शब्द कळले नसतील, पण तिनं बिया लावल्या.

त्या दिवसापासून शिफ्ट सुटली की मॅडम बागेत येऊन बसायची. उलटी बादली हीच तिची खुर्ची. दोघांच्या भाषेत मिळून पन्नास शब्द सारखे नसतील, पण फुलांवर तासन्‌तास चालायचं. जेवताना बाबा आम्हाला सांगायचे. त्यांच्याकडे कोणाच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत, घरच्या बाईसाठी फुलं नेतात. कागद गुंडाळलेला असला तर दाराबाहेर काढतात, फूल उघडं द्यायचं. शेवंती आनंदाच्या घरी न्यायची नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे मोजून द्यायची. तीन, पाच, सात, अकरा. जोडीनं कधीच नाही.

बाबांना हे इतकं आवडलं! "अकरा, एकवीस, हे तर आपलंच आहे," ते म्हणाले. "इतक्या लांब राहून त्यांना कसं माहीत?"

"पण जोडी काहून नाही?" आईनं विचारलं. "जोडी तर चांगली. विड्याचं पान जोडीनं, सुपारी जोडीनं."

ते बाबांना नोव्हेंबरात कळलं. एका संध्याकाळी मॅडमनं त्यांच्याकडे दोन लाल फुलं मागितली. बाबांनी कौतुकानं तीन कापली, आता त्यांना रीत ठाऊक होती ना. तिनं मान हलवली आणि एक परत दिलं. "दो," ती म्हणाली. "मेरा पापा. लड़ाई." ती लहान असताना तिकडच्या मोठ्या लढाईत तिचे वडील गेले. कुठे पुरले तेही ठाऊक नाही. तिनं ती दोन फुलं बागेच्या टोकाच्या कडुनिंबाखाली ठेवली आणि थोडा वेळ उभी राहिली. जोडीची फुलं फक्त गेलेल्यांची. बाबा त्या रात्री अर्ध्या ताटावरून उठले. "जित्या माणसाच्या हाती दोन फुलं दिली तर त्याले काय वाटत असन?" एवढंच म्हणाले.

मग डिसेंबरात आपलीच लढाई लागली. कारखाना तीन पाळ्यांत धडधडायला लागला. शाळेच्या खिडक्यांना आम्ही काळे कागद चिकटवले, पोरांना भोंगा वाजला की बाकाखाली शिरायला शिकवलं. गेस्ट हाउसच्या हिरवळीवर खंदक खणायचा हुकूम आला. बाबांनी ती हिरवळ दहा वर्षं पाणी पाजून वाढवलेली. तिच्यावर स्वतः कुदळ घेऊन पहिला घाव त्यांनीच घातला. फक्त गुलाबाच्या वाफ्यापाशी आले तेव्हा खंदक खणून घेणाऱ्या हवालदाराला हात जोडले, "साब, यहाँ से ज़रा मोड़ लो." त्या भल्या माणसानं खंदकाला तिथे एक वळण दिलं. मॅडमला तिच्या लोकांनी विचारलं होतं म्हणे, परत जायचं का. ती म्हणाली, मशीन चालतंय तोवर नाही. ते मशीन लढाईभर एकदाही बंद पडलं नाही. आमच्याकडे सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि सगळे छाती काढून सांगायचे, जणू मशीन आपणच बसवलं.

लढाई जिंकली. जानेवारीत ठरलं की पाचही पाहुण्यांचा गेस्ट हाउसच्या अंगणात सत्कार करायचा. बागेवर देखरेख करणारे एक साहेब होते, नवीनच आलेले, फार टापटिपीचे. त्यांनी बाबांना बोलावून हुकूम दिला. पाच गुच्छ, लाल गुलाब, प्रत्येकात एक डझन, वर चकचकीत कागद. बाबांनी सांगून बघितलं, "साहब, उनके यहाँ ग्यारह देते हैं." साहेबांनी मानही वर केली नाही. "दर्जन माने दर्जन. तुम माली हो, माली रहो."

त्यात त्या हिवाळ्यात कोणीतरी बंगल्यांच्या बागांतून फुलं चोरून बाजारात विकत होतं. कोण ते सापडलं नव्हतं. त्यामुळे साहेब फुलं मोजायचे, कुंड्या मोजायचे, माळ्यांच्या पिशव्या स्वतः बघायचे.

आदल्या संध्याकाळी बाबांनी साठ कळ्या हेरल्या. सत्काराला फूल द्यायचं तर ते कुठल्या घटकेला किती उमलेल हे आधी बघावं लागतं. जी कापायची, तिच्या देठाला ते लाल दोऱ्याचा एक तुकडा बांधायचे. दोरा मी तोडून देत होते म्हणून मला आकडा पक्का आठवतो. साठ दोरे, पाच डझनांचे. हुकूम तो हुकूम, असं ते तेव्हा म्हणाले. रात्रभर मात्र त्यांची कूस बदलणं ऐकू येत होतं.

सकाळी मी शाळेच्या मुलींना स्वागतगीतासाठी घेऊन गेस्ट हाउसवर पोचले. व्हरांड्यात टेबलावर पाच गुच्छ मांडलेले. साहेब एकेक हातात घेऊन मोजत होते. पहिला मोजला, दुसरा मोजला, आणि त्यांचा पारा चढायला लागला. बाबा पायरीखाली टोपी हातात धरून उभे होते.

"ग्यारह. ये भी ग्यारह. हर एक में से एक गायब!" साहेब सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "पाँच गुलाब कहाँ गए? सराफे में बेच आए?"

सराफा म्हणजे सोनारांचा बाजार. तिथे आजूबाजूला फुलांच्या टोपल्या बसायच्या, चोरीची फुलं तिथेच जातात अशी बोलवा होती. मुली माझ्याकडे बघत होत्या, आचारी बघत होता, झाडूवाली बघत होती. पाकळी झटकून घरी येणारा माणूस! ज्यानं पोटच्या पोरीला मिळालेली फुलं परत न्यायला लावली, त्याला हा चार लोकांत चोर म्हणत होता.

"साहब, चोरी नहीं की," बाबा म्हणाले.

"तो गिनती कम क्यों है? कल से गेट के अंदर पैर मत रखना. और पुलिस में दूँगा सो अलग."

मी पुढे झाले. माझं तोंड तिखट आहे, तेव्हाही होतं. पण बाबांनी माझ्याकडे न बघता हात आडवा केला आणि टोपी डोक्यावर घातली. साहेबांपुढे टोपी घातलेलं मी त्यांना त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"चलिए साहब," ते म्हणाले आणि वळून चालायला लागले.

साहेबांना काय वाटलं कोण जाणे, ते मागोमाग गेले. मी गेले, आचारी आला, झाडूवाली आली. गुलाबाच्या वाफ्यापाशी बाबा थांबले. कापलेल्या देठांचे दोरे त्यांनी सोडून एका डबीत ठेवले होते. ती डबी त्यांनी साहेबांच्या हातात दिली. "पचपन हैं. गिन लीजिए." मग एका झाडाची फांदी हळूच बाजूला केली. टपोरा लाल गुलाब, देठाला लाल दोरा. दोन पावलं पुढे दुसरा. तिसरा खंदकाच्या वळणाशी. चौथा आणि पाचवा एकाच झाडावर. पाचही दहिवरात भिजून अजून झाडावरच होते.

"तोड़े ही नहीं, साहब," बाबा म्हणाले. "बारह उनके यहाँ मुर्दे को देते हैं. मेरे हाथ से नहीं हुआ."

साहेबांनी पाचही दोरे वाकून बघितले. पण खाली येतील तर ते साहेब कसले! म्हणाले, "मतलब हुकुम नहीं माना." ते खरंच होतं. बाबा म्हणाले, "जी. वो नहीं माना. उसकी जो सज़ा हो, दीजिए. चोर मत कहिए."

एवढ्यात आमची वरात बघून मॅडम तिथे आली. त्या दिवशी ती डांगरीत नव्हती, भरतकामाचा पांढरा झगा घातला होता. "क्या हुआ?" साहेब सावरून हसले आणि इंग्रजीत म्हणाले की माफ करा, माळ्याच्या चुकीनं गुच्छात एकेक फूल कमी पडलं आहे. ती तशीच व्हरांड्यात गेली, एक गुच्छ उचलला आणि मोजला. मग परत येऊन बाबांकडे बघितलं. बाबा जमिनीकडे बघत होते.

"ग्यारह," ती साहेबांना म्हणाली. "ग्यारह ठीक. बारह, तो मैं सोचती, मेरे घर में कौन मरा." आणि तिनं पुढे विचारलं, "कौन जानता था यहाँ? आप?"

साहेबांनी डबी बाबांना परत केली आणि पाहुण्यांच्या खुर्च्या बघायला निघून गेले. बाबांना कामावरून काढायचं पुन्हा बोलले नाहीत, पण माफी त्यांनी मागितली नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. मी ते विसरलेले नाही.

सत्कार झाला. भाषणं झाली, आमच्या मुली गायल्या. पाच पाहुण्यांना पाच गुच्छ दिले. टाळ्या थांबायच्या आत मॅडम मंचावरून खाली उतरली. सगळे बघत राहिले. ती सरळ मागे नळापाशी आली, जिथे बाबा बाकीच्या माळ्यांबरोबर उभे होते. तिथे तिनं आधी गुच्छावरचा चकचकीत कागद सोडला, घडी करून बगलेत धरला, आणि उघडी फुलं दोन्ही हातांनी बाबांपुढे धरली.

बाबा मागे सरकले. "नहीं नहीं. सरकारी है."

"सरकार ने मुझे दिया," ती म्हणाली. "अब मेरा है. मैं आपको देती हूँ."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या नियमाला हे विचारायचं राहूनच गेलं होतं, की मालकानं स्वतः हातात दिलं तर काय करायचं. पाच झिनियांच्या वेळी मुलीनं दिल्या होत्या, पण तोडल्या होत्या न विचारता. ह्यात कुठे बोट ठेवायला जागाच नव्हती. मी मान हलवली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हात शर्टाला पुसले आणि फुलं घेतली. माझ्या वर्गातली ती रिबिनीवाली पोर सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला लागली.

संध्याकाळी बाबा नि मी बरोबरच निघालो. गेटवर दरबान म्हणाला, "आप तो जाइए भैया." सकाळची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती. बाबा थांबले. पिशवी उलटी करून डबा दाखवला, आणि मग गुच्छ पुढे केला. "ग्यारह हैं. गिनो." दरबान नको नको म्हणत होता, पण त्यांनी त्याला मोजायलाच लावलं, मोठ्यानं, अकरापर्यंत.

ते सायकलवर बसले नाहीत. वाऱ्यानं पाकळ्या झडतील म्हणाले. एवढी लांबची वाट, पण हातात सायकल धरून आम्ही पायी आलो. दीक्षितपुऱ्याला जायला जवळचा रस्ता होता, तो त्यांनी सोडला आणि सराफ्यातून घेतला, भर बाजारातून, फुलांच्या टोपल्यांसमोरून. दोघा-तिघांनी थांबवून विचारलं, "भैया, कितने में लाए?" बाबा म्हणाले, "मिले हैं." प्रत्येकाला तेवढंच सांगितलं आणि पुढे चालले.

आई दारातच होती. तिनं फुलं बघितली आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभी राहिली.

"ही काहून आणली?"

"दिली मले," बाबा म्हणाले.

"पोरीलेही दिलीच होती. तेव्हा परत न्यायला लावली तुम्ही. रडली होती ती. आता स्वतःच्या वेळी नियम बदलला का जी?" "परत नेऊन द्या. मले नाही पाहिजे असली फुलं."

मी तोंड उघडलं, पण बाबांनीच सांगितलं. दारात उभं राहून, सायकल एका हातात, फुलं दुसऱ्या हातात. डझन सांगितलं, दोरे सांगितले, झाडावरचे पाच सांगितले. साहेब काय म्हणाले तेही गाळलं नाही.

"तुम्हाले चोर म्हटलं?" आई म्हणाली.

"म्हटलं."

"चार लोकांत?"

"चार लोकांत. मग त्याच लोकांत झाडं दाखवली."

आई उंबऱ्यावर मटकन बसली. पदर तोंडाला लावला. मग तोच पदर तिनं पसरला, ओटीत घेतात तसा, आणि बाबांनी त्यात फुलं ठेवली. तिनं एकेक फूल उचलून मोजलं. अकरा भरली. मला वाटलं, आता एक केसात माळेल, एक देवाला वाहील. तिनं तसलं काही केलं नाही. फळीवरचा पितळी पेला काढला, घासला, पाणी भरलं, अकराच्या अकरा फुलं त्यात ठेवली आणि पेला गल्लीकडच्या खिडकीत नेऊन ठेवला. डोळे पुसले. आणि समोरच्या काकूंच्या खिडकीकडे बघून अशी हाक मारली की दोन्ही बाजूंची दारं उघडली.

"काय वं बाई, ये, बघून जाय! आज विकतची नाहीत. माझ्या माणसाले दिलेली आहेत."